सुपातले पत्ते

लग्न होऊन मी नेरला आले तेव्हा घरात सासू नव्हती, नणंद नव्हती, जाऊही नव्हती. माहेरच्या बायका म्हणाल्या, बेबीनं नशीब काढलं. त्यांना काय ठाऊक, या घराला बावन्न सवती होत्या म्हणून! एक असती तर झिंज्या धरून भांडले असते. बावन्न जणींशी कुठे भांडत बसणार? त्यातल्या चार तर चक्क राण्या.

आमच्या बबनरावांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी घेऊन यायचे आणि हे त्यांच्यात नवी तांब्याची तार भरून द्यायचे. हात असा सफाईचा की आसपासच्या खेड्यांतून लोक यांचंच नाव विचारत यायचे. पण दुपार कलली की दुकान तसंच सताड उघडं टाकून शेजारच्या नजीरभाईंच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. तिथे टिनाच्या शेडखाली मेंढीकोट चालायचा. मी अंगणवाडीतून पोरांचा खाऊ वाटून, गळा बसवून घरी यावं, तर शेडमधून पहिला आवाज यांचाच. अख्ख्या नेरात इतकं मोठ्यानं कोणी हसत नसेल. मी त्या पत्त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा मला काही पश्चात्तापही नाही. भाजी करपली की कोणीही बोलेल.

पण आज त्याच पत्त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि खाल्ल्या मिठाला जागणारी मी बाई आहे. म्हणून सांगते.

मागच्या वर्षी कापूस बाजारात यायला लागला होता त्या दिवसांत बबनराव एका मोटारीत तार भरत बसले होते. हातातून तार सुटली. उचलायला गेले तर हात उठेना. अमरावतीला नेलं, जीव वाचला, त्या डॉक्टरांचं भलं होवो. पण उजवी बाजू गेली. काठी घेऊन चार पावलं चालता यायला लागलं, उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. आणि बोलणं गेलं. सगळं समजत होतं, शब्द तेवढे येत नव्हते. एकच शब्द उरला होता, "बरोबर."

भूक लागली की बरोबर. अंघोळीचं पाणी चटका बसण्याइतकं गरम झालं तरी बरोबर, फक्त जरा मोठ्यानं. छत्तीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला ज्या माणसानं बरोबर म्हटलं नाही, तो आता दिवसभर बरोबर बरोबर करायचा. हसावं की रडावं कळत नव्हतं. बहुतेक वेळा मी स्वयंपाकघरात जाऊन दुसरं काहीतरी काम काढायचे.

भेटायला येणारे लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जसं काही कानच गेलेत. कोणी माझ्याकडे पाहून विचारायचं, "जेवतात का?" ते समोर बसलेले असताना! त्यामुळे त्यांनी हळूहळू बाहेरच्या खोलीत येणं सोडलं. आतल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सकाळी तेवढे माझ्यासोबत बसत. मी सुपात तूर घेऊन निवडत असले की डावा हात सुपात घालून दाणे पसरवायचे, खडे वेचून बाजूला टाकायचे. तेवढं त्यांना जमत होतं आणि तेवढ्या वेळापुरतं त्यांचं कपाळ सैल दिसायचं.

नजीरभाई आणि शामभाऊ मात्र रोज यायचे. शामभाऊंची शेती नेरच्या बाहेर रस्त्यालाच लागून आहे, कापूस आणि तूर. वेचणीचे दिवस, मजुरांमागे धावता धावता नाकी नऊ आलेले, तरी दुपार कलली की हजर. दोघं बाजेशेजारी बसत. बाजारात काय झालं, कोणाचा ट्रॅक्टर चढावर बंद पडला, सगळं सांगत. हे भिंतीकडेच पाहत. एके दिवशी नजीरभाई म्हणाले, "भाभी, याले शेडमंदी नेतो. खेळल्याबिगर हा नाई सुधरत."

"चौथा कुठे आहे?" मी म्हटलं. त्यांच्यातले चौथे भिडू एक गुरुजी होते, ते मुलाकडे नागपूरला राहायला गेले होते.

"तुमी हाय नं."

"मी?"

"मंग का तुमची बकरी?" शामभाऊ म्हणाले.

माझ्याच सवतींच्या पंगतीला मला बसवायचा घाट! मी साफ नाही म्हणणार होते. पण भिंतीकडे वळलेलं ते डोकं किंचित फिरलं. इतके दिवस ते कोणासाठी फिरलं नव्हतं. मी पदर खोचला.

मला शिकवलं नजीरभाईंनी. इंजिन उघडून दाखवावं तसं शिकवलं, एकेक भाग वेगळा करून. चौघं खेळणार, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला तेरा पानं. ज्या रंगाची उतारी होईल त्याच रंगाचं पान टाकायचं, सगळ्यात मोठं पान ज्याचं त्याचा हात. एखादा रंग आपल्याकडे नसला आणि पहिल्यांदा दुसऱ्या रंगाचं पान टाकलं की त्या पानाचा रंग हुकूम. हुकमाच्या पुढे एक्क्याचंही काही चालत नाही. आणि सगळा जीव चार दश्श्यांत. दश्शीला म्हणायचं मेंढी. ज्या बाजूनं जास्त मेंढ्या नेल्या ती जिंकली, चारही नेल्या तर कोट.

"भिडूचा एक्का आला का आपली मेंढी त्याच्यावर सोडून मोकळं व्हाचं," नजीरभाई म्हणाले. "मेंढी सांभाळत बसलं का लांडगा नेते."

नजीरभाईंनी बबनरावांसाठी सागाच्या लाकडाची एक लांब पट्टी आणली होती. तिला करवतीनं खाच पाडलेली. त्या खाचेत तेरा पानं उभी राहायची, फक्त यांना दिसतील अशी, आणि डाव्या हातानं हवं ते पान उचलता यायचं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितली नव्हती. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली होती, कुठे कुसळ टोचू नये म्हणून. ती पट्टी पाहून मी नजीरभाईंना मनातल्या मनात हात जोडले.

पहिल्याच डावात मी पानं पाहिली आणि आनंदानं म्हटलं, "अहो, माझ्याकडे दोन एक्के आलेत!"

अख्खी शेड हसली. ट्रॅक्टर दुरुस्तीला आणून ताटकळत बसलेले शेतकरीसुद्धा हसले. शामभाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, "वयनी, हे का हळदीकुंकू हाय? भिडूसंग बोलाचं नसते! तोंडानं नाई, डोळ्यानं नाई, खाकरून बी नाई. जे बोलाचं थे पानानं बोला."

मी जीभ चावली. आणि मग पान टाकता टाकता एकदम माझ्या लक्षात आलं. इथे कोणीच बोलत नव्हतं. नजीरभाई गप्प, शामभाऊ गप्प, मी गप्प, हेही गप्प. साऱ्या नेरात ही एकच जागा होती जिथे बोलता न येणं म्हणजे कमीपणा नव्हता, नियमच तो होता. माझ्यासमोर बसलेला माणूस आजारी नव्हता, नुसता भिडू होता. माझे डोळे भरून आले. नजीरभाईंना वाटलं मेंढी गेली म्हणून.

आता या शेडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. दुसरीकडे हरलेली बाजू पत्ते पिसते. इथे तसं नाही. ज्याच्या हातची मेंढी दुसऱ्या बाजूनं नेली, त्यानं पुढच्या डावाचे पत्ते पिसायचे. जास्त गेल्या असतील तर ज्याची शेवटी गेली त्यानं. आणि तो पिसत असेपर्यंत बाकीच्या तिघांनी त्याला पोटभर चिडवायचं. आईबाप सोडून काहीही बोलायची मुभा. त्यानं मान खाली घालून ऐकायचं आणि पिसायचं. बबनरावांचं ते मोठं हसू मी घरात बसून ऐकायचे ते अशाच वेळचं असायचं.

त्या पहिल्या दिवशी यांची एक मेंढी गेली. यांनी सवयीनं हात पुढे केला. शामभाऊंनी गड्डी दिली. डाव्या हातात गड्डी धरून ते क्षणभर पाहत राहिले. त्यांच्या हातात पत्ते कसे फर्रकन फिरायचे ते बघायला लोक थांबत असत. अंगठ्यानं त्यांनी पत्ते पसरवायचा प्रयत्न केला आणि बावन्नच्या बावन्न खाली गेले. ऑइलनं काळ्या झालेल्या मातीत.

मी खाली वाकले, नजीरभाई वाकले. पत्ते वेचले, फडक्यानं पुसले. कोणी चिडवलं नाही. कोणी चकार शब्द काढला नाही. शामभाऊंनी गड्डी घेऊन पिसली आणि खेळ पुढे सुरू झाला. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणसं.

तिथून पुढे आमचं नशीबच फळफळलं. आम्ही हरेचना! म्हणजे माझी मेंढी कधीमधी जायची, मग मी पिसायचे आणि बोलणी खायचे. शामभाऊ तर असं बोलायचे की माहेरची सात पिढ्यांची अब्रू जावी. पण यांची मेंढी म्हणून कधी गेली नाही. मला वाटलं, वा रे माझा नवरा, शब्द गेले पण अक्कल जागेवर आहे. आणि त्याची भिडू कोण, तर मी! मला तर शिंगंच फुटली. दारव्ह्याच्या माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, अगं, छत्तीस वर्षं उगाच फुकट घालवली, मी तर जन्माचीच खेळाडू आहे.

अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, अजान झाली की नजीरभाई आपली पानं पालथी ठेवून नमाजाला जायचे. ते येईपर्यंत आम्ही तिघं चहा पीत बसायचो. त्या पानांना कोणी हात लावत नसे, वारा आला तर शामभाऊ त्यांच्यावर गॅरेजमधला लोखंडी पाना ठेवायचे. नजीरभाईंच्या घरच्या अकीलाभाभी चहा घेऊन येत आणि मला म्हणत, "बेबीताई, तुमीबी बिघडल्या." मी म्हणे, बिघडले. त्या दिवसांत मी सुखी होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण बबनराव सुखी नव्हते. आधी आधी उत्साहानं यायचे, मग हळूहळू पान टाकताना बघेनासेसुद्धा झाले. जिंकलो की मी टाळ्या पिटायचे आणि ते म्हणायचे, "बरोबर," असं की त्यात काहीच नसायचं.

आणि एके दिवशी त्यांनी अजबच केलं. शामभाऊंनी बदामचा एक्का उतरवला. मी तिर्री टाकली. नजीरभाईंनी छोटं पान टाकलं. यांच्याकडे बदामची सत्ती होती, छक्की होती, मागच्या बाजूनं जाताना मी ती नंतर पाहिली. पण यांनी बदामची मेंढी उचलली आणि सरळ शामभाऊंच्या एक्क्यावर टाकली. शत्रूच्या एक्क्यावर!

"अहो, काय करता!" मी नियम विसरून ओरडले.

मेंढी शामभाऊंची झाली. ती नाकारता येत नव्हती. डाव संपला, यांनी गड्डीसाठी डावा हात पुढे केला आणि शामभाऊंकडे पाहत थांबले. शामभाऊंनी झटकन गड्डी उचलली. "राहू दे, मी पिसतो. तुया चहा थंडा होऊन राह्यला."

बबनरावांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी ती सागाची पट्टी ढकलून दिली. "बरोबर!" म्हणाले. इतक्या मोठ्यानं की गॅरेजच्या मागच्या बाजूचं हातोड्याचं ठोकणं थांबलं. "बरोबर! बरोबर!" काठी घेऊन एकटेच घराकडे निघाले, मी मागे धावले.

त्यानंतर ते शेडमध्ये गेले नाहीत. पुन्हा ती बाज आणि पुन्हा ती भिंत. सकाळी मी सूप घेऊन बसले तर त्यातही हात घालेनात. दोन्ही वेळचं जेवण अर्ध्यावर सोडायला लागले. मी घाबरले. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, यांचं मन मेलं तर माझं औषध काही कामाचं नाही. आणि मन मरताना कसं दिसतं ते मी रोज समोर पाहत होते.

मी शेडमध्ये गेले. दोघं पत्त्यांशिवाय बसले होते.

"खरं सांगा," मी म्हटलं, "त्यांची मेंढी काहून जात नाही?"

नजीरभाई पाना पुसायला लागले. शामभाऊ रस्त्याकडे पाहायला लागले. आणि मला एकेक आठवायला लागलं. माझ्या चौकटच्या एक्क्यावर यांनी मेंढी सोडली होती. शामभाऊंकडे चौकट नव्हतं, त्यांनी बदामचं फालतू पान टाकलं. आणि त्याच डावाच्या शेवटी त्यांच्या हातातून दोन हुकूम निघाले होते. हातात हुकूम असताना त्यांनी ती मेंढी मारली कशी नाही? तेव्हा मला वाटलं होतं, म्हाताऱ्याची नजर चुकली. तीस वर्षं खेळणाऱ्याची नजर चुकेल, पण रोज चुकेल?

"तुमी दोघं मुद्दाम सोडून राह्यले होते," मी म्हटलं. मला राग आला की माझ्याही तोंडात इथलीच बोली येते. "मी अंगणवाडीत लहान लेकरांले जिंकू देत होती. तसं तुमी त्याले?"

"भाभी," नजीरभाई म्हणाले, "थ्या दिवशी त्याच्या हातातून पत्ते पडले. म्या पाह्यलं त्याचं तोंड. त्याची मेंढी मारली का पुन्हा गड्डी त्याच्याच हाती जाते. मले नाई होत."

"म्हणून त्यानं सोताहून मेंढी टाकली. पिसाले भेटावं म्हणून. तं तुमी गड्डीच हिसकावली."

शामभाऊंनी डोळ्यांवरून गमछा फिरवला. "वयनी, सगळ्या लोकायसमोर पुन्हा पडले असते तं? मंग थो घराबाहेर तरी निंगाला असता का?"

त्यांची भीती खोटी नव्हती. मलाही तीच होती. एकदा पत्ते पडले तर माणूस भिंतीकडे वळला होता, दुसऱ्यांदा पडले तर भिंतीतच गेला असता. पण मला त्यांच्यावर रागावताही येईना. इतके दिवस हे दोघं रोज हरत होते, लोकांसमोर, ट्रॅक्टरवाल्यांची बोलणी खात, फक्त माझ्या नवऱ्याचा हात झाकावा म्हणून. असे मित्र मागून मिळत नाहीत.

"तुमचे उपकार मी विसरणार नाही," मी म्हटलं. "पण उद्यापासून हे बंद. त्याची मेंढी मारा."

"हात धजत नाई, भाभी."

"बरं. मंग उद्या मी तुमची भिडू."

रात्रभर विचार करायची गरज पडली नाही. घरी येऊन तूर पाखडायला बसले तेव्हाच मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजेजवळ जाऊन उभी राहिले. "अहो, उठा. आज मी तुमची भिडू नाही. मी नजीरभाईंकडून खेळणार. शामभाऊ तुमचे भिडू. सोडणार नाही तुम्हाला, सांगून ठेवते."

डोकं फिरलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या काखेतल्या सुपाकडे पाहिलं आणि भुवई वर केली. "तूर घ्यायची आहे शामभाऊंकडून," मी म्हटलं. ते उठून बसले आणि काठीकडे हात केला.

शेडमध्ये त्या दिवशी नेमकी गर्दी. कापसाच्या ट्रॉल्या बाजारात निघालेल्या, दोन ट्रॅक्टर बिघडून आलेले, त्यांचे मालक आणि मजूर ट्रॉलीवर पाय सोडून बसलेले. मी सूप माझ्या खुर्चीखाली सरकवलं. पहिल्यांदाच मी यांच्या समोर नव्हते, शेजारी होते, त्यांच्या नंतर पान टाकणारी.

पानं वाटली गेली. मला किलवरचं एकही पान आलं नव्हतं. दुसऱ्याच हाताला नजीरभाईंकडचं बदाम संपलं आणि त्यांनी इस्पिक टाकलं. इस्पिक हुकूम झाला. माझ्या हातात इस्पिकची एकुलती एक दुर्री होती. सगळ्या हुकमांत सगळ्यात लहान.

मग शामभाऊंनी किलवरचा एक्का उतरवला. नजीरभाईंनी चौकी टाकली. बबनरावांनी आपल्या पट्टीकडे पाहिलं, डाव्या हातानं एक पान उचललं आणि भिडूच्या एक्क्यावर अलगद ठेवलं. किलवरची मेंढी. मला शिकवलेल्या पहिल्या धड्याप्रमाणे, अगदी नियमानं.

आता पान माझं. नजीरभाई समोरून माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होते, जे त्यांच्याच नियमात बसत नव्हतं. मी चौकटचं एखादं पान टाकून दिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मेंढी यांचीच राहिली असती, ते सुरक्षित राहिले असते, आणि मी त्यांना जपून जपून भिंतीपाशी नेऊन ठेवलं असतं. देवा, पत्ते पडू देऊ नको, एवढंच मनात म्हटलं आणि हुकमाची दुर्री टाकली.

ट्रॉलीवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, घरवालीनं मारली मेंढी!"

बबनरावांनी त्या दुर्रीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नजर वळवली नाही. त्यांच्या तोंडाची डावी बाजू थोडी हलली. डाव संपेपर्यंत आणखी कोणाचीच मेंढी दुसऱ्या बाजूकडे गेली नाही. पिसायची पाळी त्यांचीच होती.

शामभाऊंचा हात सवयीनं गड्डीकडे गेला. मी त्यावर चापट मारली. खुर्चीखालून सूप काढलं, यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळे पत्ते पालथे करून त्यात ओतले.

शेड एकदम शांत झाली. ते सुपाकडे पाहत राहिले. मग त्यांनी डावा हात सुपात घातला. तूर पसरवायचे तसे पत्ते पसरवले, गोल फिरवले, खालचे वर आणले, वरचे कडेला नेले. सुपाच्या कडा उंच, एकही पत्ता बाहेर गेला नाही. पुन्हा फिरवले. खरं सांगते, पिसण्यात कसलीच कसर ठेवली नाही. मग सुपातून एकेक पान उचलून चौघांपुढे टाकायला लागले, सावकाश.

तरीही सगळे गप्पच होते. आणि मला भीती वाटली की हा गप्पपणा पुन्हा त्या दिवसासारखाच होणार. मी नजीरभाईंकडे पाहिलं. नजीरभाईंनी घसा साफ केला.

"अबे बबन्या," ते म्हणाले, "पत्ते वाटून राह्यला का तूर निवडून राह्यला? खडे निंगाले का नाई?"

"खडा तं समोरच बसला हाय!" शामभाऊ म्हणाले. "बायकोनं दुर्रीत धुतला याले. दुर्रीत! लाज असन तं उद्यापासून भांडे घासजो बे!"

ट्रॉलीवरचे हसले. मागचा हातोडेवाला हसला. आणि मान खाली घालून वाटता वाटता बबनराव हसायला लागले. अर्ध्याच तोंडानं, पण आवाज तोच. माझी भाजी करपवणारा, मी घरात बसून ज्याला शिव्या घालायचे तोच तो आवाज. "बरोबर," ते म्हणत होते आणि हसत होते, "बरोबर, बरोबर!" नजीरभाईंनी तोंड फिरवून उगाच एका टायरची हवा बघितली. मी पदरानं नाक पुसलं. या दोन माणसांना, त्या सागाच्या पट्टीला, त्या बावन्न जणींना, सगळ्यांना माझं आयुष्य लागो, असं मला तेव्हा वाटलं.

हसू ओसरल्यावर पुढचा डाव सुरू झाला. माझ्याकडे चौकटची मेंढी आली होती. मी ती सांभाळत बसले, लांडगा नेतो हे विसरून. उतारी माझ्याकडे आल्यावर मला वाटलं आता सोडावी, चौकटचा एक्का मघाशी निघून गेला असावा. मी मेंढी टाकली. नजीरभाईंनी तिच्यावर राजा ठेवला, पण एक्का निघून गेला नव्हता. शेजारच्या सागाच्या पट्टीतून तो सावकाश वर आला आणि दोघांवर येऊन बसला.

डाव संपल्यावर बबनरावांनी डाव्या हातानं सूप उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "बरोबर," म्हणाले.

मी मान खाली घालून पिसायला लागले. तिघंही मला चिडवत होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज यांचाच होता.